खोड त्यांचं, सावली आपली

रब्बीची ज्वारी गुडघ्याला लागली की बांधावरच्या लिंबाविषयी कुरकुर सुरू होते. सोयाबीनच्या दिवसांत तेच झाड तिथंच उभं असतं, पण तेव्हा कुणी त्याच्याकडं बोट दाखवत नाही. यात माणसाच्या स्वभावापेक्षा सूर्याचा हिशेब जास्त आहे. धाराशिव साधारण १८ अंश अक्षांशावर येतं. जूनमध्ये दुपारचा सूर्य इथं जवळजवळ डोक्यावर असतो, सावली झाडाच्या बुडाशीच पडते. डिसेंबरात तो दक्षिणेला इतका कलतो, की तीस फुटी झाडाची ऐन दुपारची सावली सव्वीस-सत्तावीस फूट उत्तरेकडं जाते. सकाळ-संध्याकाळ ती आणखी कितीतरी लांबते. त्यामुळं पूर्व-पश्चिम बांधावर झाड असेल, तर बांधाच्या उत्तरेला ज्याचं रान आहे त्याची ज्वारी आणि हरभरा खुरटतो. दक्षिणेकडच्याला त्याची झळ लागत नाही, आणि ‘एवढ्याशा सावलीनं काय होतंय?’ असं तो अगदी मनापासून विचारतो. दोघंही खरंच बोलत असतात.

म्हणून शेजाऱ्याकडं जाण्याआधी आपली तक्रार नेमकी कशाची आहे, हे स्वतःशी ठरवून घ्या. ‘ते झाड तोडा’ ही तक्रार नव्हे, तो हुकूम झाला. ‘उत्तरेकडच्या खालच्या तीन फांद्या पेरणीच्या आधी उतरवू द्या’ ही तक्रारही आहे आणि तोडगाही. सावलीचा त्रास असेल तर उपाय छाटणीचा, मुळ्यांचा असेल तर चराचा, पडण्याची भीती असेल तर तपासणीचा आणि पाचोळ्याचा असेल तर बहुतेक वेळा खराट्याचा. पाचोळ्यासाठी वकील गाठणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की वकिलाच्या फीमध्ये पाच वर्षं झाडलोटीचा गडी ठेवता येईल.

खोड कुणाच्या जागेत?

कायदा पहिल्यांदा हेच विचारतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम २५ प्रमाणे धारण केलेल्या जमिनीतल्या झाडांवर त्या जमीनधारकाचा हक्क असतो. झाड कुणाच्या आज्ज्यानं लावलं, उन्हाळ्यात घागरी कुणी घातल्या, फांद्या कुठं पसरल्या, याला मालकी ठरवताना फारशी किंमत नाही. खोड जमिनीतून जिथं वर येतं, ती जमीन ज्याची, त्याचं झाड. खोड सामाईक बांधावर असेल तर झाडही सामाईक. मग एकट्यानं कुऱ्हाड लावायची नाही, आणि चिंचा झोडल्या तर निम्म्या पलीकडं द्यायच्या.

कागदावर हे सोपं दिसतं. शिवारात अडचण अशी, की बांध जागेवर राहत नाही. दर नांगरटीला वितभर इकडून, वितभर तिकडून कोरत कोरत चार फुटांचा बांध दीड फुटावर येतो आणि मधे झाड तेवढं उभं राहतं. जुनी हद्द सांगणारा तोच एक साक्षीदार उरतो. त्यामुळं एकानं ‘झाड काढू’ म्हटलं, की दुसऱ्याला वाटतं हा बांधच गिळायला निघाला, आणि ही शंका दर वेळी चुकीची नसते. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत भूम-परांड्याकडं जमिनी खरडून गेल्या. अशा पाण्यात बांध वाहतात, हद्दीचे दगड उलथतात. तिथं झाडाचा वाद काढण्याआधी हद्द निश्चित करून घेणं जास्त शहाणपणाचं.

त्यासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडं हद्द कायम मोजणीचा अर्ज करायचा. अर्ज ई-मोजणीच्या प्रणालीतून जातो, लगतच्या खातेदारांना नोटिसा निघतात, भूकरमापक येऊन मोजणी करतो आणि नंतर नकाशाची ‘क’ प्रत मिळते. मोजणीची नोटीस शेजाऱ्याला मिळाली असली तरी आदल्या संध्याकाळी स्वतः घरी जाऊन सांगून या. न सांगता खुणा रोवल्या की त्या रात्रीतून उपटल्या जातात. हद्दीच्या खुणांची मोडतोड संहितेनुसार दंडाला पात्र आहे, पण रात्री कुणी उपटल्या हे सिद्ध कोण करणार? आणि एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. मोजणी दोन्ही बाजूंची होते. झाड त्याचं नसून आपणच त्याच्या हद्दीत तीन फूट पेरतोय, असंही निघू शकतं.

गावठाणात चित्र वेगळं. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा करआकारणीचा असतो. त्यावरून मालकी किंवा हद्द ठरत नाही. स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी होऊन तुमच्या गावच्या सनदा निघाल्या असतील, तर तोच नकाशा समोर ठेवावा. शहरात नगर भूमापनाची आखीव पत्रिका आणि तिचा नकाशा बघायचा. उमरगा-लोहारा भागात १९९३च्या भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या गावांत निदान हा गोंधळ कमी आहे. तिथले भूखंड आखून दिलेले आहेत. पण त्या सरळ रेषांच्या कडेला तेव्हा लावलेली रोपं आता तिशी ओलांडलेली झाडं झाली आहेत, आणि रेषेपासून हातभर अंतरावर लावलेल्या रोपाला मोठेपणी रेष कळत नाही.

आपल्या हद्दीत आलेली फांदी

शेजारच्या झाडाची फांदी आपल्या हद्दीत आली, तर आपण ती कापू शकतो का? न्यायालयांचं उत्तर जुनं आहे. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं १८९०च्या दशकात ‘लेमन विरुद्ध वेब’ या खटल्यात सांगितलं, की शेजाऱ्याच्या जागेत पाऊल न ठेवता आपल्या हद्दीपर्यंतच्या फांद्या छाटता येतात, आणि त्यासाठी आगाऊ सूचना देण्याचंही बंधन नाही. आपल्याकडच्या न्यायालयांनीही साधारण हीच वाट धरली. त्याच दशकात मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलं, की फांद्या कितीही वर्षं दुसऱ्याच्या जमिनीवर लोंबत राहिल्या, तरी त्या तशाच ठेवण्याचा सुविधाधिकार झाडमालकाला मिळत नाही. म्हणजे ‘आमच्या आज्ज्यापासून फांदी अशीच आहे’ हा युक्तिवाद चालत नाही.

हे वाचून लगेच कोयता शोधू नका. या हक्काला कुंपणं आहेत. कापायचं ते हद्दीच्या रेषेपर्यंतच, पलीकडं एक वीतही नाही. शेजाऱ्याच्या भिंतीवर चढून, त्याच्या रानात उतरून कापलं, तर तो अतिक्रमणाचा गुन्हा होऊ शकतो. कापलेलं लाकूड, पाला आणि फळं झाडमालकाची. १९१९मधल्या एका इंग्रजी खटल्यात आपल्या बागेत आलेल्या फांद्यांची सफरचंदं तोडून विकणाऱ्याला त्यांची किंमत भरावी लागली होती. आपल्याकडं सफरचंदाच्या जागी चिंच घाला. आणि इथं लाकडालाही मोल आहे. भूमच्या बाजूला खव्याच्या भट्ट्यांना जळण लागतं, आणि पाला म्हणजे उस्मानाबादी शेळीचं जेवण. एका फांदीवरून सुरू झालेलं भांडण पुढं ‘आमचा लाकूडफाटा नेला’ या वळणावर जातं, ते यामुळंच. कापलेली फांदी बांधाला लावून ठेवा आणि ‘अण्णा, फाटा ठेवलाय, नेता का?’ असं विचारा. बहुतेक जण ‘राहू दे, तूच घे’ म्हणतात. विचारलं नसतं, तर त्याच फाट्यासाठी तो चौकीत गेला असता.

तिसरं कुंपण वृक्षसंरक्षणाच्या कायद्यांचं. नगरपरिषदेच्या हद्दीत, म्हणजे धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, मुरूम, उमरगा, कळंब, भूम, परांडा या गावांत, महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. त्यात तोडणं म्हणजे फक्त बुंध्यातून आडवं करणं नव्हे. जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणं हेही त्यात येतं. परवानगी नगरपरिषदेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडं मागायची. झाड आपल्याच अंगणात आहे, ही सबब पुरत नाही. २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज’ म्हणजे वारसा वृक्ष ठरतं, आणि झाड तोडायची परवानगी मिळालीच, तर त्याच्या वयाइतकी रोपं लावण्याची जबाबदारी येते. अंगणातल्या साठ वर्षांच्या पिंपळाचा हिशेब करून पाहा. पिंपळ शेजाऱ्याचा असेल, तर त्यालाही हा आकडा सांगा. ‘तोडून टाकू’ म्हणणारी दोन्ही तोंडं गप्प होतात.

ग्रामीण भागात १९६४चा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम आहे. त्याच्या अनुसूचीतल्या झाडांना परवानगी लागते. आपल्या बांधावर सर्रास दिसणारी आंबा, चिंच, जांभूळ, साग, चंदन ही झाडं त्या यादीत आहेत. लिंब, बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी नाहीत. मात्र तोडणं आणि लाकूड वाहून नेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रॅक्टर भरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या, नाहीतर भांडण शेजाऱ्याशी आणि जप्ती नाक्यावर. झाड मेलेलं, रोगट किंवा जीविताला आणि मालमत्तेला धोकादायक असेल तर परवानगी नाकारू नये, अशी तरतूद याच कायद्यात आहे. त्यामुळं अर्जात ‘त्रास होतो’ असं मोघम लिहू नका. वाळलेला शेंडा, पोकळ बुंधा, घरापासूनचं अंतर नोंदवा आणि फोटो जोडा.

परवानगी टाळण्यासाठी काही जण चोरवाट धरतात. खोडाला भोक पाडून हिंग भरायचा, मुळाशी अ‍ॅसिड ओतायचं, रात्रीतून साल गोल काढून टाकायची. नगरपरिषदेच्या हद्दीत ही ‘इजा’ कायद्यात बसते; झाड दुसऱ्याचं असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४खाली नुकसानीचा गुन्हाही होतो. आणि व्यवहार म्हणूनही हा मूर्खपणाच. असं मारलेलं झाड उभंच वाळतं आणि दोन पावसाळ्यांनी ज्याच्या छपरावर कोसळतं, तो बहुधा हिंग भरणाराच असतो.

फांद्यांवर बगळ्यांची किंवा ढोकऱ्यांची वसाहत असेल, तर घरटी रिकामी होईपर्यंत थांबा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना इजा करणं शिकारीच्या व्याख्येत येतं. विष्ठेचा वास खरोखर असह्य असतो, मान्य. पण पिलं उडून गेल्यावर छाटणी केली की पुढच्या विणीला वसाहत दुसरीकडं सरकण्याची शक्यता असते, आणि कुणावर गुन्हाही दाखल होत नाही.

छाटायचं तर असं

रब्बीसाठी सावली कमी करायची असेल, तर वेळ पेरणीच्या तोंडावरची, पाऊस ओसरल्यावरची. भर पावसात केलेल्या जखमांवर बुरशी लवकर धरते. शेंडा कापू नका. त्यानं झाड खाली दाट फुटतं आणि सावली उलट गडद होते. खालच्या फांद्या उतरवून छत्र वर उचला. मग ऊन खोडाजवळून आत शिरतं आणि सावली फिरती राहते. एका हंगामात एकूण पसाऱ्याच्या चौथाईपेक्षा जास्त काढू नये. जाड फांदी एकदम वरून कापली तर ती मोडताना खोडाची साल ओढत नेते. म्हणून आधी थोडं पुढं, खालच्या अंगानं एक खाच घ्यायची, मग तिच्या जरा पुढून वरून कापून फांदीचा भार उतरवायचा आणि शेवटी उरलेला ठोंब खोडाजवळच्या फुगीर कड्याला धक्का न लावता सफाईनं काढायचा.

मुळ्या पिकाचं पाणी ओढत असतील तर आपल्या हद्दीत बांधालगत दोन-तीन फूट खोल चर घेतात. निलगिरी आणि सुबाभळीच्या कडेला याचा उपयोग जाणवतो. पण चर खोडाला अगदी खेटून घेतला, तर झाडाची पकडच जाते आणि वादळात ते आपल्याच पिकावर आडवं होतं. अंदाजासाठी झाडांची निगा राखणाऱ्यांचा एक आडाखा आहे: खोडाचा व्यास जितके इंच, तितके फूट अंतर सोडायचं. खोडाभोवती दोरी फिरवा. घेर अडतीस इंच भरला तर व्यास साधारण एक फूट, म्हणून बारा फूट लांब राहायचं. तेवढी जागा नसेल, तर चराचा नाद सोडून त्या पट्ट्यात चारा पेरावा.

वीजतारांना टेकलेल्या फांदीला हात लावू नका, शेजाऱ्यालाही लावू देऊ नका. महावितरणला १९१२ वर कळवा, पुरवठा बंद करून घ्या आणि मगच काम. विद्युत अधिनियम, २००३च्या कलम ६८ मध्ये तारेला अडथळा ठरणारी झाडं दूर करण्याची व्यवस्था आहे. तार ओढण्याच्या आधीपासून झाड तिथं असेल, तर मालकाला नुकसानभरपाई ठरवण्याचीही तरतूद त्याच कलमात आहे. हे अनेकांना ठाऊकच नसतं.

पडेल असं वाटणारं झाड

एप्रिल-मे महिन्यांत अवकाळी वाऱ्यावावटळीचे दिवस आले की हा विषय तातडीचा होतो. जिवंत, निरोगी झाड वादळात पडलं तर ते दैवावर जातं. मालकाकडून भरपाई मिळवणं अवघड. पण झाड धोक्यात आहे हे मालकाला माहीत होतं, तरी त्यानं काही केलं नाही, असं दाखवता आलं तर निष्काळजीपणाचा मुद्दा उभा राहतो. म्हणून लेखी कळवणं महत्त्वाचं. पत्र भांडणासाठी नसतं; ‘मला माहीतच नव्हतं’ हे वाक्य ते पुढं बोलू देत नाही.

आधी डोळ्यांनी तपासा. बुंध्याभोवतीची माती एका बाजूला उचलली गेली आहे का, ताजी भेग आहे का? कल जुना आहे की यंदाचा? जुना कल झाडानं सावरून घेतलेला असतो. अचानक आलेला कल धोक्याचा. बुडाशी किंवा खोडावर अळिंबीसारखी, कडक कंगोऱ्यांची बुरशी उगवली असेल तर आतलं लाकूड सडत असण्याची शक्यता मोठी. कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकल्यावर आवाज पोकळ येतो का? गुलमोहर आणि रेन ट्री ही रस्त्याकडेची लाडकी झाडं ठिसूळ फांद्यांची आहेत. लिंब तसा चिवट, पण बाजूचं बांधकाम करताना त्याच्या मुळ्या तोडल्या असतील तर त्याचाही भरवसा नाही.

मग बोला, आणि बोलून झाल्यावर दोन ओळी लिहून द्या. मजकूर असा पुरे:

‘श्री. ______ यांस, नमस्कार. आपल्या गट क्रमांक ____ मधील उत्तर बांधाजवळच्या चिंचेची माझ्या गोठ्यावर आलेली मोठी फांदी वाळली असून तिच्या बुडाशी पोकळी दिसते. दिनांक ____ रोजी याविषयी आपलं बोलणं झालं आहे. ही फांदी दिनांक ____ पर्यंत उतरवून घ्यावी, ही विनंती. माणसं मी देतो, लाकूड आपलंच राहील. फोटो सोबत जोडले आहेत. आपला शेजारी, ______.’

हातात दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर सही घ्या. सही नाकारली तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. पत्रात जुनी उणीदुणी, सोयरिकीतले मानापमान, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतली खुन्नस यातलं काहीही घालू नका. हेच पत्र उद्या तहसीलदार वाचणार आहेत.

उत्तर आलं नाही आणि धोका खरा असेल, तर उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३च्या कलम १५२ मध्ये, पडून शेजारी राहणाऱ्यांना, धंदा करणाऱ्यांना किंवा जाणाऱ्या-येणाऱ्यांना इजा होईल अशा अवस्थेतल्या झाडाचा स्पष्ट उल्लेख आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १३३ तेच होतं. दंडाधिकारी झाड काढण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा सशर्त आदेश काढतात आणि झाडमालकाला म्हणणं मांडायची संधी देतात. ‘आधार देणं’ हे शब्द कायद्यातच आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं. टेकू लावून, भार हलका करून जगवता येणारं झाड पाडलंच पाहिजे असं नाही. पाचोळा आणि सावलीसाठी मात्र या कलमाचा दरवाजा ठोठावू नका, तिथून रिकामं परत यावं लागेल.

भिंतीला तडा गेला तेव्हा

शहरातल्या वादांत सर्वाधिक ताणली जाते ती ही तक्रार: ‘तुमच्या झाडाच्या मुळांनी आमची भिंत फाटली.’ कधी ते खरं असतं. पण आपल्या जिल्ह्यातल्या मोठ्या भागात काळी माती आहे. ती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते. उथळ पायाच्या भिंती या हालचालीनं झाड नसतानाही तडकतात. जवळचं मोठं झाड उन्हाळ्यात मातीतला उरलासुरला ओलावा ओढून त्यात भर घालतं, इतकंच.

तड्यावर पेन्सिलीनं आडव्या खुणा करा, तारीख लिहा आणि मे ते सप्टेंबर बघत राहा. उन्हाळ्यात रुंदावणारा आणि पावसाळ्यात मिटणारा तडा मातीच्या हालचालीचा असतो. न्हाणीचं पाणी पायात मुरत असेल तर आधी ते बंद करा. फरशी उचलली गेली आणि खणल्यावर खाली खरंच मूळ सापडलं, तर तो पुरावा. फोटो काढून शेजाऱ्याला बोलावून दाखवा. आपल्या हद्दीतलं मूळ आपण कापू शकतो, पण खोडाला धरून ठेवणारं जाड मूळ असेल तर आधी सांगा. आणि जुनं, मोठं झाड एकदम तोडणं हा भिंतीवरचा रामबाण नाही. ते ओढत असलेलं पाणी मातीतच राहतं, माती फुगते आणि काही वेळा तडे त्यानंतरच वाढतात.

बोलणी, कागद, लोकअदालत

बोलणी बांधावर करू नयेत. तिथं दोघांच्याही हातात काहीतरी अवजार असतं आणि ऐकायला चार माणसं जमतात. संध्याकाळी घरी जा. वयानं मोठ्या माणसाकडं मुलाला पाठवू नका, स्वतः जा. ‘बप्पा, यंदा ज्वारी त्या पट्ट्यात पार बसली, एकदा येऊन बघा’ असं म्हणत त्याला आपल्या रानात, सावलीच्या त्या पट्ट्यात दुपारी उभं करा. हे दहा पत्रांपेक्षा जास्त काम करतं. कारण त्याच्या बाजूनं तो त्रास त्याला कधी दिसलेलाच नसतो. छाटणीचा खर्च निम्मा उचलायची तयारी ठेवा. कायद्यानं कदाचित तुम्हाला एक रुपयाही द्यावा लागणार नाही, पण पाच-सातशे रुपयांनी सुटणारं काम तत्त्वासाठी अडवण्यात मला अर्थ दिसत नाही.

घरातल्या बायकांना या बोलण्यात घ्या. झाडाखाली शेळ्या कोण बांधतं, चिंचा कोण फोडतं, दुपारी भाकरी कुठं सोडली जाते, हे त्यांना माहीत असतं. झाड गेल्यावर नेमकं काय जाणार आहे, हे पुरुषांच्या बोलण्यात बऱ्याचदा येतच नाही.

दोघांचं जमेना तर तिसरा माणूस गावातच बघा. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेच्या समित्या अनेक गावांत आहेत. काही कागदावरच उरल्या आहेत, काही खरंच बसतात. तुमच्या गावची कशी आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. समितीचा अध्यक्ष एका बाजूचा भावकीतला असेल, तर दोघांना मान्य असलेला निवृत्त शिक्षक किंवा शेजारच्या गावचा जाणता माणूस चालतो.

ठरलं की लिहा. झाड कोणतं आणि कुठं, मालक कोण, दर वर्षी कोणत्या महिन्यात कोणत्या बाजूच्या फांद्या किती उंचीपर्यंत उतरवायच्या, खर्च कसा, लाकूड-फळं कुणाची, परवानगीचा अर्ज कोण करणार. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, आणि झाडाचा त्या दिवशीचा फोटो. जमलं तर मुद्रांकावर करा. ‘आता परत त्रास देणार नाही’ असली मोघम वाक्यं नकोत. ती पुढच्या भांडणाचं बियाणं असतात.

हाच समझोता लोकअदालतीत मांडला तर त्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ येतं आणि त्यावर अपील राहत नाही. खटला दाखल होण्याआधीचा वादही तिथं नेता येतो. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडं किंवा धाराशिवला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं साधा अर्ज करायचा, किंवा १५१०० वर फोन करून विचारायचं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार यांना वकीलही मोफत मिळतो.

दिवाणी दावा हा शेवटचा मार्ग. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ खाली मनाई हुकूम मागता येतो, फांद्या काढण्याचा आज्ञार्थी हुकूमही मागता येतो. झाड तोडायला कुणी निघालंच असेल आणि ते तुमचं किंवा सामाईक असेल, तर तात्पुरत्या मनाईसाठी तातडीनं जावंच लागतं. तिथं थांबू नका. एरवी तारखांवर तारखा पडतात, तोवर झाड आणखी दहा फूट वाढतं.

पुढचं झाड लावताना

फ्रान्सच्या दिवाणी संहितेत दोन मीटरपेक्षा उंच वाढणारं झाड हद्दीपासून किमान दोन मीटर आत लावावं, असा सर्वसाधारण नियम आहे. आपण तो आपणहून पाळायला हरकत नाही. मोठ्या झाडांसाठी तर दोन मीटरही कमीच. आंबा, चिंच, लिंब हद्दीपासून पंधरा-वीस फूट आत बसवा. बांधावरच लावायचं असेल तर शक्यतो आपल्या रानाच्या उत्तर कडेला उंच झाडं नकोत, कारण हिवाळ्यात त्यांची सावली पलीकडच्या रानात जाणार. दक्षिण कडेला लावली तर ती आपल्याच पिकावर पडेल आणि छाटायचं भान आपल्याला आपोआप राहील. उत्तरेच्या बांधावर गिरिपुष्प किंवा शेवग्यासारखं दर वर्षी उतरवता येणारं झाड बरं. लावल्यावर ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये बांधावरच्या झाडांची नोंद करा, आणि रोप हातभर असतानाच शेजाऱ्याला दाखवून ठेवा.